पोरगं अठराच्या आतलं असेल तर…



पुण्याच्या गाडीच्या प्रकरणाला बराच काळ लोटला, पण ग्रामसंघाच्या बैठकीत तो विषय अजून निघतोच. "पैसेवाल्याच्या पोराला निबंध लिहायला सांगून सोडलं. आपल्या पोराला असं सोडतील का?" हा प्रश्न मी एका गावात नाही, चार-पाच गावांत ऐकला आहे. प्रश्न टोचणारा आहे आणि बरोबरही आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. त्या पोराला जो कायदा लागला, तोच आपल्या पोरालाही लागतो. मग त्या कायद्यात काय लिहिलंय, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? म्हणून या महिन्याचा अभ्यास हाच. बैठकीत एकीने मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी ऐका, आणि जिथे अडेल तिथे थांबून बोला.

समजा, मोटारीची केबल चोरीला गेली

आपल्या गटातल्या एका ताईचा मुलगा, वय १६. दहावीनंतर घरीच. गावातल्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची केबल कापून नेली, तांबं भंगारात विकलं. संध्याकाळी पोलीस दारात आले आणि पोराला गाडीत घालून घेऊन गेले. आई रडत रडत आधी पोलीस पाटलाकडे, मग ओळखीच्या माणसाकडे. तो म्हणतो, "वीस हजार लागतील, मी सोडवून आणतो." आणि मग पहिला विचार काय येतो? गटातून तातडीचं कर्ज काढायचा.

कर्ज काढायच्या आधी हे वाचा.

या कायद्याचं नाव बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. गुन्हा घडला त्या दिवशी ज्याला अठरा वर्षं पूर्ण नव्हती, तो कायद्याने बालक. पोरगं असो की पोरगी, दोघांनाही १८ च. कागदावर त्याला 'आरोपी' म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द तोंडात बसत नाही हे खरं, पण तो मुद्दाम तसा ठेवलाय, पोराच्या कपाळावर 'गुन्हेगार' असा शिक्का बसू नये म्हणून.

अशा पोराला पोलीस लॉकअपमध्ये ठेवू शकत नाहीत. जेलमध्ये तर नाहीच. "एक रात्र फक्त" असंही नाही. कायद्यात 'कोणत्याही परिस्थितीत नाही' असं लिहिलंय. बेड्या घालायच्या नाहीत, मारहाण करायची नाही, जबाबावर पोराची सही घ्यायची नाही. प्रत्येक पोलीस स्टेशनमध्ये एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, पोरगं त्याच्या ताब्यात द्यायचं असतं. मुलांशी वागताना त्याने वर्दी न घालता साध्या कपड्यांत असावं असाही नियम आहे. आई-बापाला कळवणं हे पोलिसांचं काम आहे, तुम्ही शोधत फिरायचं नाही. आणि २४ तासांच्या आत पोराला बाल न्याय मंडळासमोर उभं करायचं. प्रवासाला लागलेला वेळ तेवढा यातून वजा होतो. त्या दिवशी मंडळाची बैठक नसेल तर मंडळाच्या एका सदस्यासमोर हजर केलं तरी चालतं, म्हणजे "आज मंडळ बंद आहे, सोमवारी बघू" ही सबब चालत नाही.

स्टेशनला गेल्यावर म्हणायचं एवढंच: "साहेब, माझा मुलगा अठराच्या आतला आहे. बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत? त्याला मंडळासमोर कधी नेणार?" आवाज चढवायची गरज नाही. एकटीने जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघी सोबत घ्या. वेळ लिहून ठेवा, पोराला घरातून किती वाजता नेलं ते.

केबलची साधी चोरी हा या कायद्याच्या भाषेत किरकोळ गुन्हा होतो, कारण तिची जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं आहे. मोठा माणूस सोबत नसेल तर अशा प्रकरणात पोरावर एफआयआरसुद्धा नोंदवायची नसते. स्टेशन डायरीत नोंद करायची, पोराच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करायचा आणि दोन्ही मंडळाकडे पाठवायचे. आणि तांबं विकत घेणारा भंगारवाला? पोरांना हाताशी धरून चोऱ्या करवणारा कोणी मोठा माणूस यात निघाला, तर त्याला याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड सांगितलाय. हा भाग पोलिसांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

मंडळ म्हणजे कोर्ट, पण कोर्टासारखं नाही

बाल न्याय मंडळात तिघे असतात. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक तरी बाई असलीच पाहिजे. मंडळ बऱ्याच ठिकाणी निरीक्षणगृहाच्या आवारातच बसतं. निरीक्षणगृह म्हणजे ज्याला आपण अजून 'रिमांड होम' म्हणतो ते.

जामिनाचं इथे मोठ्या माणसापेक्षा उलटं आहे. मंडळाने सोडायचंच, हा नियम. न सोडण्याची कारणं तीनच: सोडलं तर तो सराईत गुन्हेगारांच्या नादाला लागेल, त्याच्याच जिवाला-मनाला धोका होईल, किंवा न्यायाच्या कामाला बाधा येईल. आणि न सोडल्यास कारण लिहून द्यावं लागतं. जामीनदार मिळत नाही, पैसे भरता येत नाहीत, असं असेल तर? जामीन मंजूर होऊन सात दिवसांत अट पुरी झाली नाही, तर पोराला परत मंडळासमोर आणून अट बदलायची असते. गरिबाचं पोरगं पैशापायी आत राहू नये म्हणून हे कलम घातलंय, आणि माझ्या मते पूर्ण कायद्यात आईच्या सगळ्यात उपयोगाचं हेच.

वकिलाचे पैसे लागत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बायकांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, जिल्ह्याला प्राधिकरण असतं. फोन नंबर १५१००. म्हणजे ते वीस हजार ज्या कामासाठी मागितले जातात, ते काम सरकारी खर्चाने होतं. गटाचा पैसा शेळ्यांसाठी राहू द्या.

पुढे परिवीक्षा अधिकारी घरी येतात. शेजारी, शाळा, घरची कमाई, बापाचं पिणं, सगळं विचारतात. काही ताया घाबरून किंवा लाजून खोटं सांगतात. तसं करू नका. हा अहवाल पोराच्या विरोधात नसतो, त्याच्यासाठी काय करावं हे ठरवायला असतो. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने वाढवता येतात. किरकोळ गुन्ह्याची तेवढ्यातही संपली नाही तर ती तिथेच बंद होते.

पोराने चोरी केली हे ठरलं, तरी मंडळ काय करतं? समज देऊन सोडू शकतं. समुपदेशनाला पाठवू शकतं. गावात सेवेचं काम देऊ शकतं. आई-बापाला दंड करू शकतं. चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी देऊ शकतं. आणि शेवटचा उपाय म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. प्रकरण संपल्यावर ठरलेल्या मुदतीनंतर कागदपत्रं नष्ट करायची असतात, आणि 'गुन्हा सिद्ध झाला' म्हणून पुढे नोकरीत त्याला अपात्र धरता येत नाही. पोलीस भरतीचं स्वप्न बघणाऱ्या पोराच्या आईला यातलं वजन लगेच कळेल. (सोळाच्या वरचं पोरगं अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यासारखं दोषी ठरलं तर मात्र ही सूट नाही. त्याबद्दल खाली आहे.)

ज्याची केबल गेली त्या शेतकऱ्याचं काय, असं कोणी विचारलं तर ते योग्यच आहे. त्याचं पाणी तुटलं, पीक वाळलं. त्याचा राग खोटा नाही. पण त्या रागात आपण एक चूक हमखास करतो: पोराचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. 'हाच तो चोर.' बालकाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही पसरवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रुपच्या सगळ्या ताईंना आणि घरातल्या माणसांना हे आजच सांगा.

सोळा ते अठरा: इथे जपून

आता अवघड भाग. गुन्हा असा असेल की ज्याची कमीत कमी शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे, आणि पोरगं सोळाच्या वर असेल, तर मंडळ 'प्राथमिक मूल्यांकन' करतं. पोराची मानसिक-शारीरिक क्षमता किती, परिणाम कळत होते का, कोणत्या परिस्थितीत घडलं. मंडळाला वाटलं तर प्रकरण बाल न्यायालयात जातं आणि पोरावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. फाशी किंवा कधीच न सुटणारी जन्मठेप तरीही देता येत नाही, आणि २१ वर्षांचा होईपर्यंत त्याला मोठ्या कैद्यांच्या जेलात टाकता येत नाही. मंडळात मुलांच्या मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर मूल्यांकनासाठी तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं.

तुम्ही म्हणाल, आमची पोरं कुठे खून-दरोडे घालतात? बरोबर. पण आपल्या गावांत पोरं या कलमात अडकतात ती दुसऱ्याच वाटेने. सतरा वर्षांचा मुलगा, सोळा वर्षांची मुलगी. कॉलेजच्या एसटीत ओळख. घरी कळलं, मार पडला, दोघं पळून गेले. मुलीच्या बापाने तक्रार दिली: पळवून नेल्याची, आणि सोबत पोक्सोची. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा मानत नाही, ती स्वतः म्हणाली तरी. आणि पोक्सोमधल्या लैंगिक अत्याचाराच्या मुख्य कलमाची कमीत कमी शिक्षा २०१९ पासून दहा वर्षं आहे. म्हणजे हिशोब जुळवा: सात वर्षांच्या वर, पोरगं सोळाच्या वर. ते 'प्राथमिक मूल्यांकना'च्या रांगेत जाऊन उभं राहिलं.

हे मी पोरांची बाजू घेऊन लिहीत नाही. खरोखर जबरदस्ती झाली असेल तर पोक्सो हाच मुलीचा आधार आहे, आणि तक्रार दाबायला सांगणारी 'समजूतदार' माणसं गावात कमी नाहीत. तिचं नाव बाहेर फोडणं हाही गुन्हा. तिला बाल कल्याण समितीसमोर नेलं तर तिचं म्हणणं समितीने ऐकलंच पाहिजे. आणि "झालं ते झालं, आता लग्न लावून टाकू" हा तोडगा तर नकोच, कारण तो बालविवाह होतो आणि मांडवातले सगळे त्यात येतात. सांगायचं इतकंच, की हे पोरा-पोरींशी घरात बोलायला हवं, पळून जायच्या आधी. लाज वाटते हे मान्य. मंडळासमोर बसून बोलायला जास्त लाज वाटते.

पुण्यात मग काय झालं

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीने मोटरसायकलवरच्या दोघा तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्याच दिवशी मंडळाने जामीन दिला, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. राज्यभर संताप झाला. तीन दिवसांनी मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, जामीन दिल्यावर असं डांबून ठेवणं बेकायदा आहे, सोडा. पुढे त्या जामिनाच्या आदेशावरून मंडळाच्या दोन सदस्यांना राज्य सरकारने पदावरून काढलं. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि मुलाच्या आई-वडिलांना अटक झाली. त्याच्यावर मोठ्यासारखा खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या करायला हव्यात, नाहीतर आपला राग भलतीकडे जातो. जामीन मिळणं हा त्या पोराचा हक्क होता, जसा केबलवाल्या पोराचा आहे. जामीन म्हणजे सुटका नव्हे, चौकशी पुढे चालतेच. रक्त बदलल्याचा आरोप खरा ठरला तर ती मात्र पैशाची ताकद, त्यावर राग यायलाच हवा. कायदा मोडून टाका असं म्हटलं तर नुकसान कोणाचं? ज्याच्याकडे मोठे वकील आहेत त्याचं नाही.

कायदा आला कुठून

आपल्याकडे मुलांचा वेगळा कायदा नवा नाही. मुंबई इलाख्यात तो १९२४ लाच झाला. देशभरासाठी १९८६ ला आला, त्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बालक. मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये मान्य केला आणि २००० च्या कायद्यात दोघांनाही अठरा केलं. मग डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमधल्या मुलीवर अत्याचार झाला. आरोपींपैकी एक अठराच्या आतला होता, त्याला तीन वर्षं विशेष गृह मिळालं. देश पेटला. वय खाली आणा, अशी मागणी झाली. न्यायमूर्ती वर्मा समितीने वय कमी करा असं सांगितलं नाही. सरकारने नवीन विधेयक आणलं, तेव्हा संसदेच्या स्थायी समितीनेही सोळा-अठराच्या पोरांना मोठ्यासारखं वागवायला विरोध केला. तरी मे २०१५ मध्ये लोकसभेत ते मंजूर झालं. राज्यसभेत अडलं होतं. २० डिसेंबरला तो मुलगा सुटला आणि २२ डिसेंबरला राज्यसभेनेही मंजुरी दिली. १५ जानेवारी २०१६ पासून कायदा लागू.

माझं मत विचाराल तर ते दोन दिवस फार घाईचे होते. वेगळं मत असलेल्या ताया असतील, बैठकीत जरूर मांडा.

पण यातून सरकार चालतं कसं ते दिसतं. आपल्या संघाशी ताडून बघा. कार्यकारी समिती रोजचं काम बघते, पण सर्वसाधारण सभेला हिशोब द्यावा लागतो. सभेने विश्वास काढला तर समिती जाते. तसंच मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं. कायदा संसद करते, त्याखालचे नियम आणि मंडळं राज्य सरकारकडे, पोलीसही राज्याच्या गृह खात्याखाली. म्हणून पोलीस स्टेशनमध्ये पोराला रात्रभर बसवून ठेवलं, तर तक्रार कुठे जाते? जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे, मंडळाकडे, राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. आणि आपल्या आमदाराकडे, कारण विधानसभेत गृहमंत्र्यांना प्रश्न विचारायचा हक्क त्यांना आहे. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर, ठरावासह दिलेल्या अर्जाला वजन असतं. पोच घ्यायला विसरू नका. मुलांना मत नसतं, ते अठराला मिळतं. तोपर्यंत त्यांच्या वतीने विचारणारे आपणच.

एक जूनचं दुखणं

शेवटी घरातलं काम. वय ठरवताना आधी बघतात शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्म दाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आणि आपल्याकडे शाळेत काय लिहिलेलं असतं? अर्ध्या वर्गाचा जन्म एक जूनचा! पहिलीत लवकर घालायचं म्हणून गुरुजींनी वर्षभराने मोठं केलेलं पोरगं, खऱ्या साडेसतराव्या वर्षी कागदावर अठरा ओलांडून बसतं. मग वरचं काहीच त्याला लागू नाही. ते थेट लॉकअपमध्ये. शाळेत शिकत असेपर्यंत दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी असते, शाळा सुटल्यावर फार अवघड.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना बचतीच्या पासबुकासोबत घरातल्या प्रत्येक मुलाचा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला आणि शाळेचा बोनाफाईड आणा. दोन्हीवरच्या तारखा शेजारी ठेवून बघा. जुळत नसतील त्यांची नावं सचिव ताईंनी वेगळ्या पानावर लिहावीत, आपण मुख्याध्यापकांकडे एकदमच जाऊ. ग्राम बाल संरक्षण समिती आपल्या गावात आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हेही सरपंचांना आणि अंगणवाडी ताईंना विचारून या. आणि पासबुकाच्या मागच्या पानावर दोन नंबर लिहून ठेवा: चाइल्डलाइन १०९८, विधी सेवा १५१००.